दूरस्थ अध्यापनाचीं जालस्थ साधनें व त्यांची मूलपरीक्षा

(१) विषयप्रवेश

जुने कागद व पोथ्या ह्यांच्या संग्राहकांस प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. महाविद्यालयांतील अध्यापक आपल्या घरीं बसून दूरच्या विद्यार्थ्यांस इतिहास किंवा संस्कृत शिकवितो, व त्या कामीं आंतरजालावर ठेवलेले ग्रंथ, कोश आणि पृष्ठांचीं छायाचित्रें वापरतो. ह्या गोष्टीचा आपल्या दप्तरांशीं व रुमालांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. ज्या साधनावरून हा अध्यापक शिकवितो तें साधन म्हणजे कोणत्या तरी मूळ प्रतीची नक्कल होय. आणि नकलेची परीक्षा कशी करावी हें शास्त्र ज्यांनीं आयुष्यभर जोपासलें, ते ह्या त्रैमासिकाचे वाचकच होत. आम्हांस येथें एवढेंच प्रतिपादावयाचें आहे कीं, जालस्थ साधनाची योग्यता त्याच्या सोयीवरून न ठरवितां, हस्तलिखिताप्रमाणें त्याच्या वंशावरून ठरवावी; आणि जेथें अशा साधनांचा अभाव आहे तेथें तो भरून काढणें बव्हंशीं संग्राहकांच्याच हातीं आहे.

(२) पूर्वपीठिका

दुरून शिकविण्याची पद्धति आपल्या देशांत अगदीं नवी नाहीं. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालाद्वारें अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्यें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्यें नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हीं स्थापन झालीं. पुढें २००१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेनें आपले पाठ आंतरजालावर सर्वांस मोकळे करण्याचा संकल्प जाहीर केला; २००३ सालीं आपल्याकडील आय्.आय्.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञानसंस्था ह्यांनीं मिळून 'एन्‌पीटेल' ही व्याख्यानमाला आरंभिली; आणि ९ जुलै २०१७ रोजीं 'स्वयम्' ह्या राष्ट्रीय व्यासपीठाचें उद्घाटन झालें. तथापि हे सर्व उपक्रम बहुसंख्य अध्यापकांच्या दृष्टीनें दूरचेच होते. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी झाली, आणि कालपर्यंत फळ्यासमोर उभा राहणारा प्रत्येक अध्यापक एका रात्रींत दूरस्थ अध्यापक झाला. रोगाची सांथ ओसरली, परंतु पद्धति राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनीं तर एका सत्रांतील एकूण अभ्यासक्रमांपैकीं ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' द्वारें पुरे करण्यास मुभा दिली.

तयार व्याख्यानांचा ह्या ठिकाणीं दुष्काळ नाहीं. परंतु व्याख्यान ऐकणें निराळें व मूळ साधन हातीं घेऊन वाचणें निराळें. इतिहासाचें व संस्कृताचें अध्यापन दुसऱ्या प्रकारावांचून पुरें होत नाहीं, आणि अडचण नेमकी तेथेंच उत्पन्न होते.

(३) एक स्खलन

ही अडचण आम्हांस पुस्तकांतून कळली नाहीं. स्वतःच्या चुकीवरून कळली. २०२० च्या पावसाळ्यांत तालुक्याच्या गांवच्या एका महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकांस मोडीवाचनाचे व कालगणनेचे पाठ दुरून देण्याचें काम आम्हांकडे आलें. एका पाठासाठीं पेशवेकालीन पत्र घेतलें. छापील खंड ज्या ग्रंथालयांत होता तें बंद. म्हणून कोणीं तरी टंकित करून आंतरजालावर ठेवलेली त्या पत्राची बाळबोध संहिता आम्हीं वापरली. तींत सुहूर सन 'सीत सितैन मया व अलफ' असा होता. आम्हीं रीतीप्रमाणें उकल करून दाखविली: सीत म्हणजे ६, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, एकूण ११६६. सुहूर सनाचा आरंभ मृग नक्षत्राबरोबर होतो. म्हणून मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या मितीस ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या मितीस ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. सबब पत्र १७६५-६६ चें.

पाठ संपतां संपतां एका तरुण अध्यापिकेनें विचारलें, "गुरुजी, पत्रांत श्रीमंत नानासाहेब पुण्यास आल्याचें लिहिलें आहे. ते तर २३ जून १७६१ रोजीं वारले. मग हें पत्र त्यांच्या मागें चार वर्षांनीं कसें?"

ह्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. पुढें ग्रंथालय उघडल्यावर खंड काढून पाहिला. छापील पाठ 'सीत खमसैन मया व अलफ' असा स्पष्ट होता. म्हणजे ११५६, अर्थात् १७५५-५६. टंकलेखकाची दृष्टि 'सीत' ह्या अक्षरांवर एकदां गेली व हातानें त्याच ध्वनीचें पुनः अनुवर्तन केलें. पोथ्यांच्या नकला तपासणाऱ्यांस हा लिपिकरदोष पूर्ण परिचयाचा आहे. दोष लिपिकराचा खरा. परंतु नक्कल न तपासतां तीवरून शिकविणें हा दोष आमचा होता.

गोष्ट येथेंच संपती तर लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. मधल्या तीन आठवड्यांत दोघां अध्यापकांनीं तोच उतारा आपापल्या विद्यार्थ्यांस अभ्यासासाठीं पाठविला होता, व विद्यार्थ्यांनीं तो आपसांत वांटला होता. आम्हीं शुद्धिपत्र पाठविलें. तें किती जणांनीं उघडलें हें सांगतां येत नाहीं. वर्गांत केलेली चूक चार भिंतींच्या आंत राहते व दुसऱ्या दिवशीं त्याच फळ्यावर दुरुस्त करतां येते. दुरून केलेली चूक नकलेची नक्कल होऊन फिरत राहते, आणि तिच्या मागें धांवणारें शुद्धिपत्र तिला क्वचितच गांठतें.

(४) परीक्षेचे पांच प्रश्न

ह्या अनुभवानंतर कोणतेंही जालस्थ साधन पाठांत घेण्यापूर्वीं आम्ही पांच प्रश्न विचारूं लागलों. ते नवे नाहींत. पोथी पाहतांना आपण जे विचारतों तेच आहेत.

पहिला: ही नक्कल कोणत्या प्रतीवरून केली? आवृत्ति, संपादक व वर्ष ह्यांचा निर्देश नसलेली संहिता म्हणजे पुष्पिका नसलेली पोथी. दुसरा: नक्कल कोणीं केली, व ती मूळ प्रतीशीं ताडून शोधिली काय? तिसरा: मूळ पृष्ठाचें छायाचित्र सोबत आहे काय, कीं ज्यायोगें शंका येतांच तें पाहतां यावें? चौथा: ती वापरण्याचा व विद्यार्थ्यांस वांटण्याचा हक्क आपणांस आहे काय? पांचवा: हें साधन उद्यां ह्याच ठिकाणीं सांपडेल काय, व न सांपडल्यास त्याची दुसरी प्रत कोठें आहे?

चौथ्या प्रश्नाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण अध्यापकांत ह्याबद्दल उगाच भीति अथवा उगाच बेफिकिरी आढळते. १९५७ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यान्वयें लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षेंपर्यंत हक्क राहतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले. त्यांच्या प्रस्तावनांवरील हक्क केव्हांच संपला आहे. हयात संपादकानें सिद्ध केलेल्या नव्या आवृत्तीस मात्र हें लागू नाहीं, जरी तींतील मूळ ग्रंथ हजार वर्षांचा असला तरी. शिक्षणाच्या ओघांत आवश्यक तेवढा भाग वापरण्यास कायद्यानें सवलत दिली आहे, व तिचा उदार अर्थ दिल्ली उच्च न्यायालयानें १६ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयांत केला. परंतु पाठापुरता उतारा देणें आणि अख्खा ग्रंथ सर्व जगास वांटणें हीं एक नव्हेत.

(५) कांहीं साधनांची परीक्षा

कोश. कोशांच्या बाबतींत दूरस्थ अध्यापकाची स्थिति आज फार चांगली आहे. जर्मनींतील कोलोन विद्यापीठानें १९९४ पासून संस्कृत कोश संगणकांत उतरविण्याचें काम चालविलें. मोनिअर विल्यम्सचा १८९९ चा कोश, ब्योटलिंक व रोट ह्यांचा १८५५ ते १८७५ ह्या काळांत प्रसिद्ध झालेला बृहत्कोश, तारानाथांचें वाचस्पत्य, आणि आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य वामन शिवराम आपटे ह्यांचा १८९० चा कोश, हे सर्व तेथें एकत्र शोधतां येतात. विशेष हा कीं, शब्दाच्या नोंदीवरून त्याच छापील पृष्ठाच्या छायाचित्राकडे जातां येतें. आमच्या तिसऱ्या प्रश्नास ह्याहून समाधानकारक उत्तर नाहीं.

मराठीसाठीं शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथभांडारांत मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति, वझे ह्यांचा १९११ चा कोश, दाते-मंडळाचा १९३२ ते १९५० ह्या काळांतील महाराष्ट्र शब्दकोश, आणि तुळपुळे व फेल्डहाउस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोश हे उपलब्ध आहेत. ह्यांचें महत्त्व एका शब्दानें पटेल. जुन्या जमाखर्चांत 'वरात दिली' असें आलें म्हणजे आजचा विद्यार्थी लग्नाची मिरवणूक समजतो. मोल्सवर्थ उघडतांच कळतें कीं, वसुलावर किंवा खजिन्यावर रक्कम देण्याविषयीं काढलेला हुकूम म्हणजे वरात. हा अर्थ अध्यापकानें सांगण्यापेक्षां विद्यार्थ्यानें आपल्या घरीं बसून शोधला, तर तो त्याच्या जन्माचा होतो.

संहिता. ग्यॉटिंगेन येथें २००१ पासून भारतीय ग्रंथांच्या टंकित संहितांचें एक मोठें भांडार उभें राहिलें; तें 'ग्रेटिल' ह्या नांवानें ओळखलें जातें. त्यांतील संहिता मुख्यतः रोमन अक्षरांत आहेत. संहितेच्या माथ्यावर कोणती आवृत्ति, कोणीं टंकित केली, ह्याचा निर्देश बहुधा असतो, व ती केवळ संदर्भापुरती समजावी असा इशाराही असतो. दुर्दैव असें कीं, लोक संहिता उतरवून घेतात व माथा कापून टाकतात. पुष्पिका फाडलेली पोथी आणि माथा कापलेली संहिता ह्यांत आम्हांस भेद दिसत नाहीं.

महाभारताचें उदाहरण येथें मननीय आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत बाराशेंहून अधिक हस्तलिखितांच्या आधारें चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तिची संहिता क्योतोचे प्रा. तोकुनागा ह्यांनीं संगणकांत उतरविली व केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ ह्यांनीं ती शोधिली. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें उत्तम मिळतात. परंतु केवळ स्वीकृत संहितेवरून शिकविणाऱ्या अध्यापकावर एक विचित्र प्रसंग ओढवतो. व्यासांनीं सांगितलें व गणपतीनें लिहिलें, ही कथा विद्यार्थी आदिपर्वांत शोधतो आणि त्याला ती सांपडत नाहीं. ती खोटी ठरली, असा समज करून घेऊन तो मोकळा होतो. वस्तुतः डॉ. सुकथनकरांनीं १९३३ मध्यें पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या खंडांत ती कथा परिशिष्टांत दिली आहे. अनेक प्रतींत ती आहे, परंतु सर्व शाखांची साक्ष तिला नाहीं. ही साक्ष व तीवरून काढलेला निर्णय हेंच शिकण्याजोगें. आणि तें पृष्ठाच्या तळच्या पाठभेदांत व परिशिष्टांत आहे, कोऱ्या संहितेंत नाहीं. सबब संहिता शोधण्यासाठीं वापरावी, व शिकविण्यासाठीं छापील पृष्ठाचें छायाचित्र समोर ठेवावें.

पृष्ठप्रतिमा. अशीं छायाचित्रें विपुल आहेत. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' ह्या योजनेखालीं ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत आपल्या ग्रंथालयांतील जुन्या ग्रंथांचीं पृष्ठें मोठ्या प्रमाणावर छायांकित झालीं. पुढें तें मूळ संकेतस्थळ बंद पडलें. तथापि त्यांतील पुष्कळ ग्रंथ सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इंटरनेट आर्काइव्ह' ह्या १९९६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या भांडारांत उतरविले गेले असल्यामुळें वांचले. राजवाड्यांच्या १८९८ पासून निघालेल्या साधनखंडांसारखे, एरव्हीं मोठ्या ग्रंथालयांतच दिसणारे ग्रंथ अशा भांडारांत शोधावे. मात्र शोधतांना धीर धरावा. नांवें रोमन अक्षरांत वाटेल तशीं लिहिलेलीं, कर्त्याच्या जागीं प्रकाशक, क्वचित् एखादें पान गहाळ तर एखादें दोनदां, असे प्रकार आढळतात. पाठ लावण्यापूर्वीं पृष्ठांक मोजून घ्यावे, जसे आपण पोथीचे पत्रांक मोजतों.

बंद पडलेल्या संकेतस्थळाची ही हकीकत आमच्या पांचव्या प्रश्नाचें उत्तर देते. ज्या ग्रंथाच्या प्रती अनेक मठांत व घरांत होत्या तो टिकला. एकाच ठिकाणीं जपलेला गेला. संगणकामुळें हा नियम बदललेला नाहीं. अध्यापकानें ज्या पृष्ठांवर पाठ उभारला तीं आपल्यापाशीं उतरवून, ठिकाण व दिनांक लिहून, निदान दोन जागीं ठेवावीं.

(६) मोडीची उणीव

आतांपर्यंतचें विवेचन छापील ग्रंथांचें झालें. ज्या विषयांत आमच्या वाचकांचा खरा अधिकार, त्या मोडी कागदांचें चित्र इतकें समाधानकारक नाहीं. देवनागरी अक्षरांस संगणकाच्या 'युनिकोड' ह्या सर्वमान्य कोष्टकांत १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत स्थान मिळालें. मोडीस तें २०१४ च्या सातव्या आवृत्तींत मिळालें. म्हणजे मोडी टंकित करण्याची सोय झाली. परंतु मोडी वाचावयास शिकणें टंकित अक्षरांवरून साधत नाहीं. लेखकाची धांवती लेखणी, आधीं आंखलेल्या रेघेस लोंबणारीं अक्षरें, ह्रस्वदीर्घाची अनास्था, संक्षेप, मुसलमानी महिन्याच्या तारखेपूर्वींचा 'छ', शेवटचें मोर्तब, पाठीवरचा शेरा, हें सर्व मूळ कागदाच्या छायाचित्रांतच दिसतें. छापील साधनखंड बाळबोधींत आहेत, त्यांतून हें सर्व गळून गेलें आहे. म्हणून मोडीच्या दूरस्थ पाठासाठीं एकाच कागदाचीं तीन अंगें लागतात: मूळ कागदाचें स्वच्छ छायाचित्र, त्याचें ओळीबरहुकूम बाळबोध वाचन, आणि कोणत्या रुमालांतील कितवा कागद ह्याची नोंद. तिन्ही एकत्र असलेले कागद अध्यापकास हवे तितके मिळत नाहींत.

ज्या विद्यार्थ्यांपाशीं केवळ मोबाईल आहे व गांवांत जालसंपर्क क्षीण, त्यांचाही विचार अवश्य आहे. तासभर चालणारें चलच्चित्र त्यांच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. परंतु एका बंदाचें छायाचित्र, त्याचें वाचन व पांच मिनिटांचें ध्वनिमुद्रित स्पष्टीकरण हें सहज पोहोंचतें, व आठवडाभर पुरतें. आमच्या अनुभवानें, दहा कागद वरवर दाखविण्यापेक्षां एकच कागद पुरा वाचून घेतल्यानें मोडी लवकर येते.

(७) संग्राहकांस विनंति

ही उणीव संग्राहक दूर करूं शकतात. त्यास मोठें यंत्र लागत नाहीं. दिवसाच्या सौम्य उजेडांत, खिडकीपाशीं, कागद सपाट ठेवून साध्या मोबाईलनें छायाचित्र घेतलें तरी अध्यापनास पुरतें. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. रुमालांतील क्रम मोडूं नये. दोन्ही बाजू घ्याव्या, मागील बाजू कोरी असली तरी. ती कोरी आहे हेंही ज्ञानच आहे. समासांतील मजकूर व शिक्के कापले जाऊं नयेत. मापासाठीं शेजारीं पट्टी ठेवावी. प्रत्येक छायाचित्रास रुमाल, कागद व बाजू ह्यांचा अंक द्यावा. घडीवर फाटूं लागलेला कागद बळेंच उलगडूं नये. तो जाणत्याच्या हातीं द्यावा.

छायाचित्र दिल्यानें मूळ कागदाची किंमत उतरते अशी शंका कांहीं संग्राहक बोलून दाखवितात. आम्हांस उलट दिसतें. ज्या कागदाचा उल्लेख व उपयोग होतो त्याचीच मालकी व परंपरा लोकांच्या ध्यानांत राहते; आणि छायाचित्राखालीं संग्रहाचें नांव घालण्याची अट संग्राहकास घालतां येते. कागद घरींच राहतो. शिवाय १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनीं पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाहिला, अथवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांस एकाच प्रतीवर विसंबण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

सरकारी प्रयत्नही चालू आहेत. राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ सालीं सुरू झालें, आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणी, नोंदणी व जतनासाठीं 'ज्ञानभारतम्' अभियान घोषित झालें. त्यांत खाजगी संग्राहकांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु सरकारी पाहणी आपल्या दारीं येईपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. प्रत्येक वाचकानें आपल्या संग्रहांतील केवळ दहा कागद वरील तिन्ही अंगांसह आपल्या गांवच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापकास दिले, तरी एका वर्षाचे पाठ उभे राहतील.

आमच्या पाठांतील ज्या अध्यापिकेनें नानासाहेबांविषयीं प्रश्न विचारला, तिच्यापाशीं त्या दिवशीं मूळ कागदाचें छायाचित्र नव्हतें. होती ती केवळ एक मृत्युतिथि व शंका घेण्याची संवय. तेवढ्यावर तिनें आमची चूक पकडली. कागदच समोर असता तर ती चूक झालीच नसती. शंका घेणारे विद्यार्थी दूरवर तयार आहेत. त्यांच्यापुढें विश्वसनीय कागद ठेवणें हें आतां आपलें काम आहे.